साहेबांचा नमुना

कर्नाळ्याच्या पायथ्याशी वाडीत संशोधक पद्मजा रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन उभी होती आणि वीटभट्टीवर राबणारी भामा तिच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"आमचं मूत नेऊन काय करशील गो बाय?"

"उन्हात राबून मूत्रपिंड बिघडायला लागलं, की लघवीत बारीक बारीक प्रथिनं उतरतात. ती शोधायचीत."

"मंग तुज्या सायबाला पयलं मुताया सांग. त्यानं दिलं तं आमी बी देऊ."

सगळी वाडी खिदळली. पण पद्मजाला मुद्दा पटला. तुलनेला निरोगी माणसांचे नमुने लागणारच होते. खांदा कॉलनीतल्या प्रयोगशाळेत येऊन तिनं तिच्या साहेबांपुढे, डॉ. चारुदत्तांपुढे बाटली ठेवली. रोज पहाटे पाच किलोमीटर पळून त्याचा फोटो स्टेटसला टाकणारे साहेब ऐटीत आत गेले आणि भरून घेऊन आले. हे कळल्यावर वाडीनंही दिलं.

बाटल्यांवर नुसते आकडे; नावांची यादी वेगळी. पद्मजाकडे एक बारीक नळी होती, तिच्यात मणी, मण्यांवर चिकटवलेल्या अँटिबॉडीज. नमुना वरून सोडला, की अल्ब्युमिन नावाचं दांडगट प्रथिन त्या पकडून ठेवत आणि त्याच्या गर्दीत एरवी न दिसणारी बारकी प्रथिनं खाली उतरत.

सहा नमुने सुरळीत गेले. सातव्याला खाली नुसतं अल्ब्युमिन.

"अँटिबॉडीज मेल्या!" चारुदत्त ओरडले. "त्या भट्टीवाल्यांच्या नमुन्यात काय घाण असेल, देव जाणे!"

पद्मजानं नळी धुऊन पहिला नमुना पुन्हा सोडला. स्वच्छ उतरला. म्हणजे अँटिबॉडीज ठणठणीत होत्या. सातव्यातच अल्ब्युमिन इतकं, की पकडून पकडून त्या थकल्या. तिनं यादी उघडली. सातवे खुद्द साहेब.

तिला आधी हसू फुटलं. मग एवढं अल्ब्युमिन म्हणजे मूत्रपिंडं गळतायत, हे ध्यानात आलं. ती त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ती घाण तुमची आहे."

"काय?"

"सातवा नमुना तुमचा. बीपी कधी तपासलंत?"

"अगं, मी पळतो!"

"पळा की. आज डॉक्टरकडे पळा."

आठवड्यानं ते औषधांची पुडी घेऊन आले. बीपी एकशे ऐंशी, मूत्रपिंडं कुरकुरायला लागलेली, पण वेळेत सापडलेली. लोणचं बंद झाल्याचं दुःख त्यांनी तिला अर्धा तास ऐकवलं.

पुढच्या महिन्यात वाडीतल्या दोघांच्या नमुन्यांत ती बारकी प्रथिनं सापडली. त्यांना तपासणीला साहेब स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले आणि त्यांच्याबरोबर रांगेतही बसले.