बिनझाकणाचे डबे

तापातून उठल्यावर श्रीकृष्ण फालकांचा वास गेला तो परत आलाच नाही. सर्दीसारखा आठवडाभराने येईल, असं आधी सगळ्यांनाच वाटलं होतं. उन्हाळा संपत आला तरी चहा नुसता गरम लागे आणि वरणाची फोडणी नुसती ऐकू येई.

दुसऱ्या कुणाचं एवढं बिघडलं नसतं. पण फालकांनी उभी नोकरी रिफायनरीत काढली होती. कुठे सांधा पाझरतोय, हे यंत्राच्या काट्याआधी त्यांच्या नाकाला कळायचं. नवी पोरं त्यांना मुद्दाम फेरीला बरोबर न्यायची. निवृत्तीनंतर गोरव्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही खालच्या घरी काय शिजतंय, ते हा माणूस जिन्यातून सांगायचा.

आणि त्याच माणसाच्या हाताशी दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस सुरूच राहिला. ते ओट्याला टेकून पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नी निरुपमाताई आंघोळ करून बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. त्यांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं. फालक पेपर हातात धरून तसेच उभे होते.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. जेवता जेवता उठून शेगडीची बटणं बघायची, निजायला गेले की पुन्हा उठून बघायची. कधी सिलिंडरपाशी वाकून उगाच हुंगायचे.

अलकापुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोज ओळखीचे वास घेत जा. आला नाही तरी तो कसा होता ते आठवायचं. वेळ लागेल."

"किती?"

"ते नाही सांगता येत."

निरुपमाताईंनी बाजारातून पुदिना आणला. दुसऱ्या दिवशी त्याची पानं काळी पडली. मेलेल्या पानाचा वास काय घ्यायचा, म्हणत फालकांनी काड्या पाण्यात ठेवल्या आणि मुळं फुटल्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती भरून लावल्या. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आइसक्रीमच्या डब्यात धणे रगडून पेरले. लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत पानओव्याची फांदी खोचली. तेलाचा पत्र्याचा डबा वरून कापून त्यात गवती चहा लावला. गॅलरीचा कठडा भरला, मग खिडक्या भरल्या. ते या डब्यापासून त्या डब्यापर्यंत फिरत, पान चुरडत, नाकाशी धरत, डोळे मिटत. काही नाही. पुढचा डबा.

एकदा ते डब्यांना भोकं पाडत बसले होते. शेगडीवर लाल केलेली सळई बुडातून आरपार जात होती. निरुपमाताई तोंडाला पदर लावून खोकत आल्या.

"अहो, धूर बघा किती झालाय! डोकं उठलं माझं त्या वासाने."

फालकांनी हातातल्या वितळलेल्या प्लॅस्टिककडे पाहिलं. धूर दिसत होता. त्यांना तेवढंच कळत होतं.

भोकं पडली तशी नवी कटकट उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या कांचनबेन वर आल्या. "श्रीकृष्णभाई, मारा पापड भीना थई गया," त्या म्हणाल्या. चिडून नाही, पण थाळी दाखवायला घेऊन आल्या होत्या. मातकट थेंब पडून पापडांचा लगदा झाला होता. फालकांनी हात जोडले आणि त्याच संध्याकाळी घरातल्या डब्यांची झाकणं काढून एकेका कुंडीखाली सरकवली.

सकाळी निरुपमाताईंना गोडा मसाला भरून ठेवायचा होता. डबा होता, झाकण नव्हतं. दुसरा घेतला, त्यालाही नव्हतं.

"माझ्या वापरातली झाकणंसुद्धा?"

"दुसरी आणून देतो. पाणी गळतं खाली, काय करू?"

"एक दिवस स्वस्थ बसा. नुसते फिरता, हुंगता, बटणं बघता. मला घरात श्वास घेववत नाही."

"मला वास घेता येत नाही आणि तुला श्वास घेववत नाही होय!" फालकांचा आवाज चढला. "तुला काय होतंय? तू तर सगळं खातेस चवीने."

निरुपमाताई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुहासिनी चार वेळा बोलावून गेली करजणला. तिला सातवा लागलाय. मी जात नाही, कारण तुम्हाला घरात एकटं ठेवायची मला भीती वाटते."

लेकीला फालकांनीच फोनवर सांगितलं होतं, की आईला सवड होत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून बाजूला ठेवला. "जा तू. मी कोपऱ्यावरून पोळी-भाजी आणीन. चहासुद्धा करणार नाही."

"नक्की?"

"रेग्युलेटरच काढलाय. बघ."

निरुपमाताईंनी स्वतः बघितला, मगच बॅग भरली. फालक त्यांना बसमध्ये बसवून आले.

एकट्या घरात तर त्यांना जास्तच बसवेना. टीव्ही लावला, बंद केला. झाडांना पाणी घातलं, ओलीच असलेल्या मातीत पुन्हा घातलं. पुदिन्याचं पान सवयीने चुरडलं आणि ते दचकले. काहीतरी जळत होतं. रबर जळावं तसं, घशाला लागणारं, घाण. वायर! त्यांनी मेन स्विच पाडला. एकेका बोर्डाला हात लावून बघितलं, फ्रिजमागे वाकले. सगळं गार. तरी वास येतच होता. ते दार उघडं टाकून खाली गेले आणि कांचनबेनना घेऊन आले.

कांचनबेन खोल्याखोल्यांतून हुंगत फिरल्या. "कंई बळतुं नथी," काहीच जळत नाहीये, असं त्या म्हणाल्या. मग फालकांच्या हाताकडे बोट करून हसल्या. "आ तो तमारा हाथमां फुदीनो छे."

फालकांनी बोटं नाकाशी नेली. तोच जळका वास. त्यांनी हात दूर केला आणि पुन्हा नाकाशी नेला.

डॉक्टर फोनवर म्हणाले, परतताना वास कधी कधी असेच वेडेवाकडे येतात, चांगलं लक्षण आहे. सरळ कधी होतील, होतील की नाही, ते तेव्हाही सांगता येत नव्हतं.

त्यांनी करजणला फोन लावला. "निरुपमा, पुदिना जळक्या रबरासारखा येतोय."

"येतोय?" निरुपमाताईंनी विचारलं.

"घाण येतोय. उलटी होईल इतका."

"मी दुपारच्या बसने निघू?"

"नको. राहा चार दिवस. सुहासिनीला काय हवं-नको बघ."

"बरं. आणि पानओवा?"

"ओव्याचं नाही बघितलं अजून."

"मग बघा ना. मी आहे फोनवर."

फोन कानाला लावून फालक गॅलरीत गेले, पायाने एक डबा बाजूला सारला आणि ओव्याच्या पानाला हात घातला.