सोनमच्या हातचा कागद

वाडीत कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो आकारामच्या दारात यायचा. रेशनकार्डात नाव घालायचं असो, नाहीतर मेंढरांच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं असो, लिहायची सोनम. अक्षर असं, की तलाठीसुद्धा कागद दोनदा बघायचा. "माज्या पोरीच्या हातचा कागद कवा माघारी आला न्हाई," असं आकाराम चारचौघांत सांगायचा, आणि ते खरंच होतं.

जतकडची ही पोर मार्कांच्या जोरावर कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आली. दुसरं वर्ष चालू होतं. भावकी दोनदा सोयरीक घेऊन येऊन गेली होती. आकारामनं त्यांना सांगितलं, पोरगी परीक्षेला बसतीया तवर ह्या घरात तो विषय न्हाई. भावकीनं ते मानलं, पण परीक्षा चुकण्याची वाट बघत राहिली. परीक्षेला बसणं एवढंच सोनमचं कुंपण होतं.

फेब्रुवारीत आकारामचा मेंढरांचा कळप रहिमतपूरकडच्या रानात खतासाठी बसवलेला असताना तिच्या आईचा, सुलाबाईचा, पाय मोडला. ऑपरेशन मिरजेला झालं. आकाराम मेंढरं सोडून हलणार कसा? सोनमच सव्वा महिना आईच्या उशाशी राहिली. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की कॉलेज परीक्षेला बसू देत नाही, आणि तिची साठच भरली. दवाखान्याचे कागद जवळ होते. त्यांच्यासोबत फक्त मेंटॉरची शिफारस लागणार होती.

मेंटॉर म्हणजे वीस मुलांमागं एक शिक्षक. महिन्यातून एकदा मुलाला जवळ बसवायचं, काही अडतंय का विचारायचं आणि त्याच्या नावच्या वहीत लिहून ठेवायचं. ज्याला हे सुचलं असेल त्याचं भलं होवो. सोनमच्या मेंटॉर भार्गवी मॅडम. सांगलीच्या, तरुण, दरवर्षी जूनमध्ये पुन्हा नेमणूक होते की नाही ह्या धास्तीत असलेल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या. वर्षभरात त्या सोनमशी एकदाच बोलल्या होत्या, तेही झेरॉक्सच्या रांगेत, पुढं सरक म्हणून.

सोनम अर्ज घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली तेव्हा टेबलावर वीस कोऱ्या वह्यांचा ढीग होता. सोमवारी तपासणीची कमिटी यायची होती. मॅडमनी अर्ज हातात घेतला आणि वाचता वाचता थांबल्या.

"हे तू लिहिलंस? अक्षर सुरेख आहे गं तुझं."

सोनम लाजली. ह्या कॉलेजात तिला कुणी चांगलं म्हटलं ते पहिल्यांदाच.

"एक काम करशील? ह्या वह्या भरायच्यात. तारखा मी देते. तेवढं झालं की तुझी शिफारस लगेच लिहिते."

दोन दिवस सोनम स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून लिहीत होती. प्रत्येकाच्या दहा भेटी. मॅडमनी नमुना दिला होता, 'भेट झाली. उपस्थिती समाधानकारक. अडचण नाही.' दिवाळीत कॉलेज सोडून गेलेल्या मल्हारचीही वही त्यात होती. इंग्रजीतलं शिकवणं डोक्यावरून जातंय, असं तो बिचारा सगळ्यांना सांगत हिंडला होता. त्यालाही तिनं दहा वेळा अडचण नाही असं लिहिलं. लिहिताना तिला शरम वाटली, पण हात थांबला नाही.

तो थांबला स्वतःच्या वहीत, अकरा फेब्रुवारीला. त्या दिवशी आईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं आणि सोनम बाहेर फरशीवर बसून होती.

"मॅडम, ह्या तारखेला मी मिरजेत होते. इथं खरं लिहू का?"

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. "अगं, एकाच वहीत वेगळं दिसलं की ते शंभर प्रश्न विचारणार. ही वही कमिटीसाठी आहे, तुझ्या अर्जाशी तिचा काय संबंध?"

हे त्या मनापासून बोलल्या. सोनमलाही ते पटलं. अर्ज लिहावा तो साहेबाला आवडेल असा, हे तर ती लहानपणापासून करत आली होती. तिनं नमुन्याबरहुकूम लिहिलं आणि खाली विद्यार्थ्याची सही केली. मॅडमनीही शब्द पाळला, शिफारस लिहून दिली.

कमिटी आली, वह्या बघून खूश झाली आणि जेवून गेली. गुरुवारी विभागप्रमुख जयराज सरांसमोर सोनमचा अर्ज निघाला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. सरांनी दवाखान्याचे कागद चाळले, मग तिची मेंटॉरची वही मागवली. तसा नियमच होता. दोघींना तो ठाऊक नव्हता.

"अकरा फेब्रुवारीला तू कॉलेजात मॅडमना भेटलीस. उपस्थिती समाधानकारक, अडचण नाही. सही तुझीच ना?"

"व्हय सर. पण ते..."

तिनं मॅडमकडं बघितलं. खरं सांगायचं तर मॅडमना विसाच्या वीस वह्या खोट्या म्हणाव्या लागल्या असत्या. मॅडम टेबलावरच्या काचेकडं बघत राहिल्या.

"सही बघा. अर्जावरची आणि वहीतली एकच," सर म्हणाले. "आजारपणाचे कागद हल्ली कुणीही आणतं. मी कशावर विश्वास ठेवू?" त्यांनी अर्जावर नामंजूर लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.

बाहेर आल्यावर मॅडमनी तिचा दंड धरला. "सोनम, माझी नोकरी..." एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. सोनमला त्यांचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही, नुसतं रितं वाटत राहिलं.

संध्याकाळी तिनं वडलांना फोन लावला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता.

"आबा, अर्ज नामंजूर झाला. परीक्षेला बसू देत न्हाईत."

आकाराम कालव्यातून बाजूला आला. "अर्ज कुणी लिवला हुता?"

"मीच."

"आन् त्यांनी काय बघून न्हाई म्हटलं?"

"कॉलेजच्या वहीत लिहिलंय, मला कसली अडचण न्हाई म्हणून."

"कुणी लिवलं त्ये? खोटं हाय म्हणावं. तू सोता बस आन् दुसरा अर्ज लिव. तुज्या हातचा कागद कवा माघारी आलाय?"

सोनम फोन कानाला लावून उभी राहिली. ती वहीही माझ्याच हातची आहे, हे आबांना सांगायला तिची जीभ उचलेना.