लाल वरण

परदेशातल्या आमच्या पेंडल हिल उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो मांडीवर डबा घेऊन बसलेला. कुणाकडे पोहे, कुणाकडे बटाट्याची भाजी, कुणाकडे आमटी. अन्न घरातलं, रोजचं, आणि आठवड्यातून एकदाच मिळणारी सुट्टी सोडून माणसं ते तपासून घ्यायला आली होती. धुपाचा धूर असा कोंडला होता की स्मोक अलार्म वाजेल आणि सगळे सुखरूप घरी जातील, अशी मला आशा होती. नाही वाजला.

स्टेजवर अन्नयोगी दीनानाथ. रेशमी कफनी, कानाला माइक, हातात तांब्याची झारी. "अन्नाला स्मृती असते," ते म्हणाले. "तुमच्या घरात कोणी चोरून काय खाल्लं, ते तुमचं वरण लक्षात ठेवतं. क्वांटम लेव्हलला. नासावाल्यांना हे आत्ता कळतंय. आपल्या आज्यांना माहीत होतं."

लोकांनी माना डोलावल्या. माझी आजी वारली तोवर तिने क्वांटम हा शब्द ऐकलेला नव्हता, पण मी गप्प बसले. मी डायटिशियन आहे. कोणी काय खावं यावर दिवसभर बोलण्याचेच मला पैसे मिळतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करते. जमत नाही, ते सोडा.

मी आले होते शोभाकाकूंसोबत. जवळच्याच गिरावीनमध्ये आमच्या शेजारी निनाद आणि मैथिली राहतात. शोभाकाकू निनादच्या आई, सूनबाईच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या. काकूंनी जन्मात अंडं शिवलेलं नाही. मैथिली मालवणची, मासळीवर वाढलेली. तरी त्या घरात कधी भांड्याला भांडं लागलं नव्हतं. दोन तवे, फ्रिजमध्ये दोन कप्पे, संपला विषय. मी माझ्या पेशंटना त्या घराचं उदाहरण द्यायचे.

काकूंचा नंबर आला. दीनानाथांनी डब्यातल्या साध्या वरणावर झारीतलं तीर्थ शिंपडलं. पिवळंधमक वरण बघता बघता लाल झालं. रक्तासारखं.

"घरात मांस शिजतं," दीनानाथ हळू आवाजात म्हणाले. "आणि घरात गर्भ आहे. खरं की नाही, माताजी?"

काकूंचा चेहरा पडला. सूनबाई पोटुशी असल्याचं काकूंनी दारावरच्या स्वयंसेवकाला स्वतः सांगितलं होतं, माझ्यासमोर. पण ते आठवायला डोकं ठिकाणावर लागतं. मग दीनानाथांनी एका बाटलीतून 'शुद्धी-अर्काचे' थेंब टाकले आणि लाल वरण परत पिवळं झालं. बाया रडायला लागल्या. उपाय असा: एक घर, एक चूल, एकच ताट. सगळ्यांनी उकडलेला दुध्या, अर्क आणि त्यांचं चूर्ण. बाकी सगळं बाहेर, "अ‍ॅलोपथीच्या गोळ्यांसकट. त्या गोळ्यांच्या कवचात जनावर असतं."

त्या रात्री मैथिलीच्या लोहाच्या गोळ्या कचऱ्यात गेल्या.

"निनाद, तू इंजिनिअर ना रे?" मी विचारलं.

"रेखाताई, मी हॉलमधला व्हिडिओ पाहिला. रंग बदलला. आता डोळ्यांवरही विश्वास नाही ठेवायचा का?" तो म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "आणि आईला दुखवायचं नाही. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

पोट मैथिलीचं, लोह कमी मैथिलीचं, आणि थोडे दिवस काढायचे ते मैथिलीने. माझं डोकं फिरलं. पुढच्याच आठवड्यात ऑफिसातून येताना तिला पेंडल हिल स्टेशनच्या जिन्यावर चक्कर आली. एका पंजाबी मुलीने धरलं म्हणून पडली नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं आणि दोघांना चांगलंच झापलं. काकू रडल्या, देवापुढे बसल्या, पण गोळ्या काही परत आणल्या नाहीत. "सगळं माझ्या नातवासाठीच चाललंय ना ग," त्या मला म्हणाल्या. आणि खरंच तसं होतं. बाई दुष्ट असती तर मी भांडले असते. ती घाबरलेली होती.

मी मैथिलीला बघायला गेले तेव्हा काकू कपडे धुण्याच्या खोलीत पांढरा नॅपकिन साबणाने घासत होत्या. त्यावर हळदीचा डाग होता. साबण लागला तसा डाग लाल झाला.

मी तिथेच उभी राहिले. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या मराठी घराला माहीत नाही? मलाही माहीत होतं. पण धुण्यातली गोष्ट धुण्यात आणि स्टेजवरची गोष्ट स्टेजवर, दोन्हीची गाठ घालायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. मग आठवलं. त्या दिवशी ज्यांचं अन्न 'शुद्ध' निघालं, त्यांनी चिंचेची आमटी आणली होती, नाहीतर लिंबू पिळलेले पोहे. आंबट ते शुद्ध. वा रे क्वांटम.

काकूंना तिथल्या तिथे सांगितलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. म्हणून म्हटलं, "काकू, येत्या रविवारी पुन्हा तपासून घेऊ. तुम्ही स्वतः करा वरण. नवं पातेलं, सोवळ्यात. घर शुद्ध झालं का ते तरी कळेल."

त्यांना ते पटलं. मैथिलीला मी माझ्या घरी बोलावलं आणि कानात एक काम सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

रविवारी हॉल आधीपेक्षा भरलेला. काकू नऊवारी नेसून, उपाशीपोटी, डबा छातीशी धरून स्टेजवर चढल्या. दीनानाथांनी तीर्थ शिंपडलं. वरण लालभडक.

"अजून मांस आहे," ते म्हणाले.

"नाही हो महाराज. नवं पातेलं होतं. घरात कोणी काही आणलेलं नाही."

"मग ते करणाऱ्या हातात आहे. पातेलं खोटं बोलेल, माताजी, वरण नाही. तुम्ही कधीतरी खाल्लंय. लपवून."

पानात चुकून अंडं आलं म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठलेली बाई ती. आता परक्या देशात, शंभर लोकांसमोर, चोरून खाणारी ठरली. मला त्या क्षणी वाईट वाटलं, कारण तिथे त्यांना मीच आणलं होतं.

मी माझा डबा घेऊन वर गेले. "महाराज, हेही बघा."

झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, गाळलेलं, पातळसर काहीतरी. दीनानाथांनी तीर्थ शिंपडलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. त्यांनी हात वर केले. "बघा. बघा हे सात्त्विक अन्न. नारळाच्या दुधाचा सुगंध येतोय. हे ज्या घरात शिजलं तिथे हिंसेला थारा नाही. ताई, काय आहे हे?"

"पांढरा रस्सा," मी म्हटलं. "मटणाचा. हळद न घालता. मैथिलीने केलाय."

आधी मागच्या रांगेतून एकजण फिसकन हसला. मग हॉलभर हशा पसरला. दीनानाथ म्हणाले, "भोजनाची थट्टा करणाऱ्यांना..." पण पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

मी टिश्यू पेपरवर पर्समधली हळद चोळली. नळाच्या पाण्याचा थेंब टाकला, पिवळा राहिला. झारीतला थेंब टाकला, लाल झाला. "यात धुण्याचा सोडा आहे," मी सांगितलं. "हळदीला क्षार लागला की ती लाल होते. मांस, मन, स्मृती, कशाचा काही संबंध नाही. ज्याच्या घरी हळद, त्याच्या घरी पाप. आपल्यातलं कोण सुटणार होतं?"

"आणि अर्क?" पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं.

मी लिंबाची फोड काढली. पिळणार तेवढ्यात शोभाकाकूंनी ती माझ्या हातातून घेतली. स्वतः पिळली. लाल डाग पिवळा झाला. त्यांनी तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"हळद-चुना," त्या हळूच म्हणाल्या. "मुका मार लागला की निनादला मी हळद-चुना लावायचे. लाल व्हायचा तो. माझ्याच हाताने लावायचे ग." मग त्या दीनानाथांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "माझ्या सुनेच्या गोळ्या मी फेकल्या. तुमच्या सोड्यापायी."

दीनानाथांनी तोवर माइक काढला होता. बाहेर पार्किंगमध्ये काही लोक चूर्णाचे पैसे परत मागत होते. आयोजकांना मी आरोग्य खात्याकडे तक्रार करायला सांगितलं. त्यांनी केली की नाही हे मला माहीत नाही, म्हणून मीही केली.

आता कोणी विचारतं, ताई, मग खायचं काय? अहो, माझं कामच ते आहे, पण सुरुवात मी इथून करते: तुमच्या अंगाला काय हवं ते रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टर सांगतील. डाळ, पालेभाजी खाऊन शाकाहारी माणूस उत्तम जगतो. मासे खाणाराही जगतो. कुणाच्या पानात काय असावं हा त्याच्या आवडीचा, तब्येतीचा आणि मनाचा प्रश्न आहे, पावित्र्याचा नाही. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका. घरी जाऊन तोच करून बघा. बहुतेक वेळा सामान तुमच्या मोरीतच सापडेल.

गेल्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. ओट्यावर दोन तवे होते. मैथिली बांगडा तळायला घेताना अवघडली, तिने सासूकडे बघितलं. काकू उठल्या, खिडकी उघडली, नाकाला पदर लावला आणि लोहाची नवी गोळी तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"मी खाणार नाही," त्या म्हणाल्या. "वास तर मुळीच सोसत नाही. पण वाढते मीच. बस तू."