उतरता आकडा

आमचे हे गणिताचे मास्तर. आकडा दिसला की यांना चेव चढतो. लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून वॉर्डातही तेच चाललेलं.

तिला पिवळंधमक औषध सलाइनमधून दिवसभर दिलं. थेंबन् थेंब अंगी लागू दे, असं मी मनात घोकत होते. दुसऱ्या दिवशी रक्तातलं औषध मोजलं. आमच्या पोरीचा आकडा, तेच औषध घेतलेल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या दुपटीहून जास्त!

"बघ, पोरीनं बाजी मारली! रोगाला चांगला चोप बसतोय," म्हणत यांनी तिची पाठ थोपटली. मीही हसले. काय कळत होतं आम्हाला?

तेवढ्यात सिस्टर आल्या. "अहो, खूश काय होताय? औषधाचं काम झालं, आता ते लघवीवाटे बाहेर पडायला हवं. हिच्या अंगात ते अडकून बसलंय. असंच राहिलं तर किडनीला धोका." त्यांनी भराभर उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, सलाइन वाढवलं.

माझं डोकंच चालेना. "काल तुम्हीच घातलंत, आज उताराही तुम्हीच देताय?"

"रोगाच्या पेशी मारायला ते लागतंच, ताई. पण वेळेत गेलं नाही तर चांगल्या पेशींनाही सोडत नाही."

"मग त्या मुलाचं गेलं, हिचं का नाही?"

"एकेकाचं शरीर. कुणाचं लवकर बाहेर टाकतं, कुणाचं रेंगाळतं."

डोंबल कळलं मला! एवढंच कळलं की लेक धोक्यात आहे.

शेजारचा मुलगा घरी गेला. आम्ही तिला घोटघोट पाणी पाजत, लघवी मोजत बसलो. रिपोर्ट आला की हे म्हणायचे, "तूच बघ." आकड्याला भ्यायलेला मास्तर मी पहिल्यांदाच पाहिला.

मग एका सकाळी सिस्टर हसतच आल्या. आकडा हवा तेवढा उतरला होता. यांनी पुन्हापुन्हा विचारलं, "कमी म्हणजे चांगलंच ना?" आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडले.

लेकीचं तोंड आलेलं, बोलताना दुखायचं. तरी तिनं हळूच विचारलं, "आई, मला कमी मार्क पडले म्हणून बाबा रडतात?"

"नाही गं राणी. कमीच हवे होते."

तिनं जरा विचार केला. "मग त्या दिवशी पाठ का थोपटली?"

यांनी वळून हात पुढे केला. तो तिच्या पाठीवर ठेवायला मात्र हे धजेनात.