अकरा नंबरचा बूट

या, जरा जवळ सरकून बसा. गुडघे दुखत असतील तर पाय खुशाल पसरा. माझ्यासमोर पायांचा संकोच नको, माझा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या पायांशीच गेलाय. एक गोष्ट सांगते. राजाराणीची नाही, दोन बहिणींची आहे, आणि त्यातली वाईट बहीण मी आहे. शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे. गोष्ट फुकट नाही सांगत मी.

मी बॅलेचे बूट बनवते. गुलाबी साटीनचे, ज्यांच्या टोकावर मुली उभ्या राहतात ते. बूट उलटा शिवायचा, मग आतली बाजू बाहेर घेऊन सुलटा करायचा. टोकात कापडाचे आणि खळीचे थर चढवायचे आणि भट्टीत वाळवायचा. त्याला डावा-उजवा नसतो, तो घालणारीच्या पायाने ठरतो. महिनाभर वापरलेला बूट माझ्या हातात द्या, ती मुलगी कशी उभी राहते ते मी सांगते. माणसांचे चेहरे मी विसरते. नावं तर विसरतेच. तळवा विसरत नाही.

हा धंदा मला धाकट्या बहिणीमुळे लागला. लहानपणी आमच्यातल्या एकीलाच नाचाच्या क्लासला पाठवणं आईला झेपणार होतं. धाकटीची मान लांब होती, माझी नव्हती. एवढंच. ती नाचायची आणि मी तिच्या फाटक्या बुटांना टाके घालायचे. पुढे तिने नाच सोडला आणि दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या टेबलाशी बसली. सोडला, बघा. मला जे मिळालं नाही ते ती जुन्या छत्रीसारखं कुठेतरी ठेवून विसरली. ते मला कधी पचलंच नाही. देवापुढे बसले की मी सगळ्यांसाठी मागते, शेजारणीच्या मांजरासाठीसुद्धा. धाकटीचं नाव आलं की मात्र जीभ जड व्हायची.

आम्हा दोघींना एकेक मुलगी. माझी भिंगरी, तिची काडी. दोघींना अकरावं संपत आलेलं. दोघी आमच्या गल्लीतल्या बाईंकडेच नाच शिकल्या. यंदा बाई म्हणाल्या, "मला येत होतं तेवढं देऊन झालं. आता यांना नाचाच्या शाळेत घाला. सकाळी धडे, दुपारी नाच, राहायचंही तिथेच."

अशा शाळा दोन. एक टेकडीवरची. तिचं नाव काढलं की लोक बसल्या जागी पाठ ताठ करतात. दुसरी कालव्याकाठची. ती पूर्वी लोकरीचं गोदाम होती, अजून तसा वास येतो. दोन्हीकडे परीक्षा झाल्या, पत्रं आली. टेकडीने दोघींनाही घेतलं. कालव्याकाठी दरवर्षी सहाच मुली घेतात. काडी सहावी होती. भिंगरी सातवी, म्हणजे वरच्या कुणी नको म्हटलं तरच. उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं.

सहावी. पुन्हा एका मानेचं अंतर. पत्र वाचून माझा असा जळफळाट झाला की चहात दोनदा साखर घातली.

"तूच ठरव," आमचे हे म्हणाले. "मला डावा-उजवा कळला तरी पुष्कळ."

"या बुटांना डावा-उजवा नसतो."

"मग तेवढंही नाही."

धाकटीला रजा मिळेना. ती म्हणाली, "ताई, दोन्ही शाळा तू बघून ये. तुझे डोळे ते माझे डोळे."

सोमवारी भिंगरीला घेऊन टेकडीवर गेले. आरसे छतापर्यंत, जमीन अशी गुळगुळीत की आपलंच पाऊल आपल्याला परकं वाटावं. शाळा दाखवणाऱ्या बाईंना मी विचारलं, "जुने बूट कुठे टाकता?"

"तुम्हाला हात धुवायचेत का?" त्यांना वाटलं, मी मोरी विचारतेय.

"नाही. बूट."

कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लाकडी पेटी होती. मी तिथेच फतकल मारून एकेक बूट काढून बघायला लागले. भिंगरी लाजेने खांबाआड गेली. एक बूट, दुसरा, दहावा. सगळे आतल्या कडेने झिजून सुताला आलेले. नाचात पाय बाहेर वळवायचा तो मांडीपासून. मांडी वळत नसताना कुणी बळजबरी केली की मूल घोट्यातून वळवतं, आणि अंगाचा सगळा भार अंगठ्याच्या कडेवर येतो. एखादीचं तसं झालं तर तो तिचा दोष. पेटीभर बूट तसे असतील तर तो शिकवण्याचा. तळाशी एक लहानसा बूट होता. आत मुलीच्या नावाऐवजी निळ्या शाईने तिचा अकरा नंबर घातलेला. टोकात कापसाचा बोळा चिकटून बसला होता, रक्त वाळून तपकिरी झालेला.

"ते टाकाऊ आहेत," बाई म्हणाल्या.

"असू द्या. माझा धंदाच आहे." आणि तो बूट मी पिशवीत टाकला.

मंगळवारी कालव्याकाठी. तिथे पेटी जवळजवळ रिकामीच होती, कारण मुली बुटांची टोकं स्वतः रफू करत बसल्या होत्या. टाके वेडेवाकडे, पण तळवे मधोमध झिजलेले, सरळ. आत वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या बाई एका मुलीला म्हणत होत्या, "आज एवढंच वळतंय ना, मग आज एवढंच." माझं तिथेच ठरलं. जिना उतरताना भिंगरी म्हणाली, "आई, इथे."

पण इथे सहावी काडी होती.

बुधवारी दुपारी धाकटी माझ्या कारखान्यात आली, अंगाला दवाखान्यातला लवंगेच्या तेलाचा वास. भिंगरी कोपऱ्यात रिबिनी कापत बसली होती.

"सांग ताई. कुठली?"

मी हातातला बूट खाली ठेवला नाही. "टेकडीवरची. डोळे मिटून घाल."

"आणि ती दुसरी?"

"लोकरीचा वास येतो."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं बाई, तू बघून आलीस. तू शिवलेला बूट मला कधी चावला नाही. तुला आठवतं?"

मला सगळं आठवत होतं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, आणि माझ्या मनात, देवाने ऐकलंच असेल, गाणं चालू झालं. सातवी आता सहावी होणार. आयुष्यात एकदा तरी लांब मान मागे राहणार.

"आई," भिंगरी म्हणाली, "तू मावशीला पेटीचं सांगितलं नाहीस."

"राहून गेलं."

"तू नावं विसरतेस. तळवे नाही."

"तुला कालव्याकाठची हवी आहे ना?"

"हवी आहे."

"मग गप्प बस."

तिने चार रिबिनी कापल्या, टोकं जुळवली. मग मान वर न करता म्हणाली, "काडीचे बूट दुरुस्तीला तुझ्याकडेच येणार. दर महिन्याला. तुला दिसेल."

गुरुवारी सकाळी देवापुढे बसले. सगळ्यांसाठी मागून झालं, मांजरही झालं. काडीचं नाव घ्यायला गेले तर डोळ्यांपुढे तिचा चेहरा येईना. तळवा आला. आतल्या कडेने झिजलेला. तशीच उठले, पिशवी घेतली आणि दवाखान्यात गेले. तिथे गाल सुजलेला एक माणूस पाळीची वाट बघत बसला होता. त्याच्यासमोरच मी तो बूट टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"टेकडीवरचा. पेटीभर असेच आहेत. बोट घाल टोकात."

तिने बोट घातलं. नाचलेली बाई ती, तिला सांगावं लागलं नाही. तिने बूट उजेडाकडे वळवून तो बोळा बघितला.

"काल का नाही सांगितलंस?"

"भिंगरी सातवी आहे म्हणून."

गाल सुजलेल्या माणसाने आमच्याकडे बघून पटकन भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे तोंड फिरवलं.

"आज सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," धाकटी म्हणाली.

"मला कळलं असतं."

तिने बूट माझ्याकडे सरकवला. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा. "काडीची जागा मी सोडणार नाही, ताई."

"सोडू नकोस."

ती सोडेल असं मला वाटलं नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या उतरेपर्यंत मी कान मागेच ठेवला होता. कुणी हाक मारली नाही.

काडी कालव्याकाठी गेली. टेकडीला मी नकार कळवला. शेजारपाजारचे म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. भिंगरी आणखी वर्षभर गल्लीतल्या बाईंकडेच जाणार, पुढच्या साली पुन्हा परीक्षा. घेतील, न घेतील. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन रिबिनी कापायला बसली.

काडीचे बूट दर महिन्याला येतात. पिशवी उघडताना अजून माझे हात जड होतात. तळवे मधोमध झिजलेले असतात, सरळ. मला बरं वाटतं आणि पोटात दुखतंही, दोन्ही एकाच टाक्यात. वाकडा टाका घालावा असं मनात येतं. मी सरळ घालते. आणि हल्ली देवापुढे धाकटीचं नाव घेते, मांजराच्या आधी.

आता तुमचं काम. तो बूट अजून माझ्या फळीवर आहे. आपल्या घरच्या दोघी वाचवल्या आणि मी पिशवी बंद केली. नंतर टेकडीवरच्या मुख्य बाईंना पत्र लिहिलं, त्यांनी आभार मानून उत्तर पाठवलं, बाकी काही नाही. पाय त्या मुलीचा होता आणि तिचं नाव मी विचारलंच नाही. तेरा वर्षांची असेल, पायाच्या मापावरून सांगते. आज संध्याकाळी हात जोडाल, तेव्हा मला सोडा, माझ्यासाठी मागणारे घरात आहेत. त्या अकरा नंबरच्या मुलीची तेवढी आठवण ठेवा.