दुपारचा धप्प

तपासनीस निवृत्त झाले आणि घरातल्या वस्तूंच्या पोटात गोळा आला.

उभी हयात नळाच्या कारखान्यात गेली होती. काम एकच. तयार नळ हातात घ्यायचा, त्यात हवा सोडायची, कानाशी धरायचा आणि हवा कुठून निसटते ते ऐकायचं. खोट सापडली की गडी खूश. दिवसभर एकही खोट सापडली नाही तर रात्री घास उतरत नसे. ‘तपासनीस’ हे खरं तर पद होतं, पण ते अंगात इतकं मुरलं की शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची. पण त्या ‘अहो’मध्येसुद्धा बऱ्याचदा ‘पुरे’ असा अर्थ असायचा.

निवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी खिडक्यांच्या कड्या, फ्रिजचं दार आणि जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय यांचा निकाल लावला. दुसऱ्या आठवड्यात घरात खोट म्हणून औषधाला उरली नाही. मग त्यांना पहिल्यांदाच एक गोष्ट जाणवली. दुपारची जेवणं आटोपली की बायको मागच्या खोलीत जाते आणि आतून कडी लावते.

“झोपतेस का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग काय करतेस?”

“माझं काम.”

“कसलं काम?”

“माझं,” असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

आता हे वर्षानुवर्षं चालत होतं की कालपासून, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुपारी ते कारखान्यात असत. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण स्वतःच्या घरातली दुपार त्यांनी फक्त रविवारी पाहिली होती, आणि तीही डोळे मिटून.

त्यांनी दाराला कान लावला. यात गैर काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण पगार त्यांना कान लावण्याचाच मिळत आला होता. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं, “धप्प.” थोड्या वेळाने, “धप्प, धप्प.” आणि मग बायको हसली. एकटीच.

तपासनीस चक्रावले. कणीक आपटत असावी म्हणावं, तर मागच्या खोलीत कणीक कुठली? उशा झोडपत असेल, तर हसायचं काय? व्यायाम करत असेल म्हणावं, तर व्यायाम करणारं माणूस हसताना त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य भेटले. त्यांनाच त्यांनी आडून विचारलं, “तुमच्याकडे दुपारी काही आवाज बिवाज येतो का हो?”

“येतो की. आमच्या डोक्यावर रोज काहीतरी पडतं,” दंतवैद्य म्हणाले. “पहिल्या वर्षी मी विचारायला येणार होतो. आमची ही म्हणाली, वहिनींचं काहीतरी चालू असेल, कशाला नाक खुपसता? आता सवय झाली. नाही पडलं तर चुकल्यासारखं वाटतं.”

“पहिल्या वर्षी? म्हणजे किती वर्षं झाली?”

“बरीच,” म्हणत दंतवैद्य तपासनिसांच्या तोंडाकडे निरखून बघू लागले. “तुमची उजवीकडची दाढ एकदा दाखवून जा.”

म्हणजे गल्लीला माहीत, दंतवैद्याला माहीत, दंतवैद्याच्या बायकोला तर आधीपासून माहीत. नवरोबा तेवढे कोरडे. त्यांनी लेकीला फोन लावला. लेक लग्न करून दुसऱ्या गावी होती आणि बापाला ओळखून होती.

“आई दुपारी काय करते गं?”

लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही त्या दाराला कान लावलात का?”

“छे! छे! जाता जाता सहज...”

“बाबा.”

“लावला.”

“मग आता ऐका. आईने चित्रं काढायला घेतली होती, आठवतं? तुम्ही पट्टी घेऊन आलात. म्हणालात, समुद्र डावीकडे उतरलाय, सगळं पाणी सांडेल.”

“उतरलाच होता तो!”

“तिने स्वेटर विणायला घेतला. तुम्ही बाह्या मोजल्यात. तिने कुंड्या लावल्या, तुम्ही त्या एका ओळीत आहेत का ते बघायला दोरी बांधलीत. तिने गाणं शिकायला घेतलं...”

“तेव्हा तर मी काहीच बोललो नव्हतो!”

“बोलला नाहीत. फक्त डोळे मिटून एकेका सुरावर तोंड वाकडं करत होतात. बाबा, आता तिच्याकडे हे एवढंच उरलंय. यातली खोट काढलीत ना, तर आई पुन्हा आयुष्यात काही करायला घेणार नाही. दुपारभर तुमच्यासमोर बसून राहील. चालेल?”

तपासनीस म्हणाले, “पण करते काय, ते तर सांग.”

लेकीने फोन ठेवला.

लेकीचं म्हणणं त्यांना पटलं होतं. मनापासून पटलं होतं. दोन दिवस ते दाराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप वळले. माणसाचं मन ऐकतं, पाय ऐकत नाहीत, त्याला कोण काय करणार? त्यांनी कान टेकला, अंगाचा भार दारावर टाकला, आणि नेमकं त्याच वेळी आतून कडी निघाली. तपासनीस सरळ खोलीत जाऊन गालिच्यावर आदळले.

“पडलात?” बायको वरून म्हणाली. “असू द्या. इथे सगळं पडतंच.”

ते उठून बसले आणि इकडेतिकडे बघू लागले. खोलीत एक कपाट, एक स्टूल आणि जमिनीवर अंथरलेला जाड गालिचा, बाकी काही नाही. बायकोच्या हातात तीन कापडी चेंडू होते, मुठीत मावतील एवढे. एक तांबडा, एक हिरवा आणि एक तिच्या जुन्या पांघरुणाच्या कापडाचा. आत वाळू भरलेली.

“हे काय?”

“उडवते.”

“काय उडवतेस?”

“चेंडू. एकामागोमाग एक, तिन्ही हवेत. सर्कशीत करतात तसं.”

तपासनिसांचं तोंड उघडं राहिलं. त्यांची बायको आजी होण्याच्या वयाची, गुडघ्याला तेल लावणारी, बँकेत टोकन घेऊन चार वेळा नंबर तपासणारी बाई. आणि सर्कस?

“येतं तुला?”

“नाही,” ती आनंदाने म्हणाली.

“इतकी वर्षं करतेस आणि येत नाही?”

“अजिबात येत नाही.” आता तर तिचा चेहरा उजळलाच. “बसायचं असेल तर त्या स्टुलावर बसा. पण एक अट. तोंड उघडायचं नाही. वाकडंही करायचं नाही.”

ते बसले. बायकोने पदर खोचला, पाय रोवले, जीभ दातांत धरली आणि चेंडू टाकले. तांबडा वर गेला, हिरवा कुठेतरी मध्येच घुटमळला, पांघरुणवाला कपाटावर आपटला. धप्प, धप्प, धप्प. ती खळखळून हसली, वाकली, तिन्ही उचलले आणि पुन्हा टाकले. प्रत्येक वेळी नव्या तऱ्हेने पडत. एकदा हिरवा तपासनिसांच्या मांडीवर पडला. एकदा तांबडा तिच्याच डोक्यावर पडला, आणि तेव्हा तर ती भिंतीला टेकून हसत राहिली. अशी हसताना त्यांनी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवलं नाही.

रोज दुपारी ते स्टुलावर बसू लागले. तोंड उघडत नव्हते. पण डोळे कारखान्याचे, ते कसे गप्प बसणार? दुसऱ्याच दिवशी खोट दिसली. उजव्या हातातला चेंडू ती व्यवस्थित वर टाकत होती. डाव्या हातातला मात्र वर टाकतच नव्हती, घाईघाईने आडवा उजव्या हातात सरकवत होती. तिथेच सगळा घोटाळा. इतकी साधी, इतकी स्वच्छ खोट त्यांनी नळातसुद्धा पाहिली नव्हती. रात्री जेवताना ती त्यांच्या घशाशी यायची, ते पाण्याचा घोट घेऊन ती खाली लोटायचे. चहा घेताना यायची, ते बिस्कीट खायचे. त्या दिवसांत त्यांचं वजन वाढलं.

“काही म्हणायचंय का?” बायको एकदा म्हणाली. “कान लाल झालेत.”

“ऊन,” ते म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

आणि मग एका दुपारी, हिरवा पायावर पडला तेव्हा, तोंडातून निघूनच गेलं. “डाव्या हातातला सरकवू नकोस गं! तोही वर टाक. उजव्याइतकाच उंच. आणि पहिला वर जाऊन वळेपर्यंत थांब.”

बोलून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग चेंडूंकडे. रागावली नाही. तिने तांबडा टाकला, तो वळायची वाट पाहिली, हिरवा टाकला, मग पांघरुणवाला.

चेंडू पडले नाहीत.

हवेत तीन रंग एकमेकांच्या खालून वरून जात राहिले. खोलीत फक्त कापड तळहातावर टेकल्याचा मऊ आवाज. “बघ! बघ!” तपासनीस उठून उभे राहिले.

बायकोने एकेक करत तिन्ही चेंडू हातात घेतले. मुठीतल्या चेंडूंकडे क्षणभर बघत राहिली.

“झालं,” ती म्हणाली. चेंडू कपाटात ठेवले आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर ती बैठकीच्या खोलीत त्यांच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. ती शेंगा निवडत होती. तिसऱ्या दिवशीही शेंगा. चौथ्या दिवशी निवडायला काही नव्हतं, ती नुसतीच बसली.

“टाक ना चेंडू,” तपासनीस म्हणाले. “आता तर छान येतंय.”

“येतंय म्हणूनच,” ती म्हणाली. “येणारी कामं मला स्वयंपाकघरात भरपूर आहेत.”

“पण शिकायचं होतं ना तुला?”

“कोण म्हणालं? अहो, पोळी करपली की मला ऐकावं लागतं, हिशेब चुकला की ऐकावं लागतं, मीठ जास्त झालं की ऐकावं लागतं. दिवसातून एक तास मला चुकायला जागा होती. चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढचा कुठे पडतोय, एवढंच बघायचं. रोज नवीन कुठेतरी पडायचा. आता कुठे पडणार ते माहीत आहे. हातात.”

बरोबर करून दिलं म्हणून गुन्हा झाल्याचं तपासनिसांच्या ऐकिवात नव्हतं, पण गुन्हा झाला होता हे उघड होतं. लेकीचा फोन आला. “काय केलंत, बाबा?” ते म्हणाले, “काही नाही गं. बरोबर केलं.” “तेच तर,” लेक म्हणाली.

पुढचे दोन दिवस मागच्या खोलीत दार लावून तपासनीस बसले. आतून बोटात सुई गेल्याचे आवाज येत होते. बायकोने विचारलं नाही. ती दाराला कान लावणाऱ्यांपैकी नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर आले आणि तिच्यासमोर मूठ उघडली. मुठीत त्यांच्या जुन्या पायजम्याच्या कापडाचा एक गोळा होता. गोल म्हणावा असा तो नव्हता. बटाट्याच्या जवळपास होता.

बायकोने तो हातात घेतला, उलटापालटा केला. बारीक वाळूची धार तिच्या मांडीवर पडली.

“गळतोय,” ती म्हणाली.

“हो.”

“शिवण वाकडी आहे.”

“हो.”

“एका बाजूला जड आहे. हा सरळ जाणारच नाही.”

तपासनिसांच्या छातीत काहीतरी कळ आल्यासारखं झालं. आपल्या हातच्या वस्तूतली खोट दुसऱ्याने काढली की असं होतं, हे त्यांना या वयात कळलं. “चौथा आहे,” ते पडेल आवाजात म्हणाले. “तीन आहेत ना तुझे, त्यात चौथा.”

बायकोचा हात थांबला. तिने बटाटा तळहातावर वजन केल्यासारखा उचलला.

“चार कसे उडवतात?” तिने विचारलं. आवाज बदलला होता.

“माहीत नाही.”

“तीन उडवतात तसेच?”

“खरंच माहीत नाही. कारखान्यात चार नळ हवेत टाकायची वेळ कधी आली नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

ती उठली. पदर खोचला. मागच्या खोलीच्या दारात जाऊन थांबली, वळली, आणि हात पुढे केला.

“मोबाइल द्या इकडे.”

“कशाला?”

“त्यात बघाल. मग तुमचे कान लाल होतील.”

त्यांनी मुकाट्याने मोबाइल दिला. दार लागलं, कडी लागली. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम धप्प, धप्प, धप्प, आणि मागून काहीतरी सरपटत गेल्यासारखा चौथा, आजवर न ऐकलेला आवाज. आत बायको खो खो हसायला लागली.

तपासनीस खुर्चीत टेकले. चार चेंडू, त्यांच्या मनात आलं. हात दोन. म्हणजे प्रत्येक हाताला दोन. मग एका हातातले दुसऱ्यात कशाला टाकायचे, ज्याचे त्याने...

ते दचकून उठले, तडक स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.