पुर्विनीच्या शाळेचं तळघर

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला पुर्विनी गावातले सगळे मोबाईल एकदम कोकलायला लागले. वेनेरांदा बिटाचं सूप ढवळत होती. ओले हात एप्रनला पुसून तिने मजकूर वाचला : हवाई हद्दीत धोका, जवळच्या निवाऱ्यात जा.

रशियन सरहद्द तिथून सोळा किलोमीटर. पलीकडचं युद्ध कधीतरी वाट चुकून इकडे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जवळचा निवारा म्हणजे शाळेचं तळघर, हेही ठाऊक होतं. याच हिवाळ्यात घरोघरी सरकारी पत्रक आलं होतं. तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा, डबाबंद खाणं ठेवा, बॅटरी ठेवा. "डबे आणायचे कुठून? दुकान बंद करून बसलात," असं तेव्हा वेनेरांदा त्या कागदालाच म्हणाली होती. पत्रकाच्या मागे नकाशा होता आणि नकाशात पुर्विनीची शाळा.

त्या शाळेत तिने सव्वीस वर्षं स्वयंपाक केला होता. शेवटच्या वर्षी ताटं उरली अकरा. बाकीची पोरं आईबापांबरोबर आयर्लंडला गेली, तिचा मुलगा एडमुंड्ससुद्धा बायको-लेकीला घेऊन तिकडेच गेला, आणि चार वर्षांपूर्वी शाळेला टाळं लागलं.

शेगडी बंद करून ती शेजारच्या उलिताबाईंकडे धावली. उलिताबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या जुन्या रशियन ख्रिस्ती पंथातल्या, घरात रशियन बोलणाऱ्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"मी नाही येत गं. मरण यायचं तर माझ्या चुलीपाशी येऊ दे."

"मरण मेलं येईल तेव्हा येईल. आधी बूट घाला."

शाळेपाशी पोहोचल्या तेव्हा चौदाजण दारात उभे होते. एखाददुसरा सोडला तर सगळे सत्तरीच्या पुढचे. तळघराला नवंकोरं लोखंडी दार होतं आणि त्याला कुलूप. शाळा राजधानीतल्या कुठल्याशा कंपनीला विकली, एवढं गावाला माहीत होतं. दारावरच्या नंबरावर स्तानिस्लाव्स फोन लावत होता. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला हा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरायचा, त्यामुळे उत्तर सगळ्यांनाच ऐकू आलं : आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

लांब कुठेतरी आकाशात घरघर सुरू झाली. स्तानिस्लाव्सची नजर उलिताबाईंवर गेली.

"हिला कशाला आणलीस? हिच्याच लोकांनी पाठवलंय ते ड्रोन."

उलिताबाईंनी काठी रोवली. "माझी लोकं? माझा बाप इथे पुरलाय. नवरा इथे पुरलाय. आणि मुलगा तुझ्याच मुलाबरोबर आयर्लंडला मासे कापतोय. विचार त्याला, कुणाचा आहे म्हणून!"

"स्तानिस्लाव्स, तोंड आवर आणि गाडीतली पहार आण," वेनेरांदा म्हणाली.

"अगं, दुसऱ्याची मालमत्ता—"

"पहार आण म्हणते ना!"

त्याने आणली, पण दाराला लावायला धजेना. वेनेरांदानेच घेतली. एकसष्ट वर्षांच्या, संधिवाताच्या हातांनी तिने कडीत पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. तिसऱ्या हिसक्याला कडी उखडली.

आत पाऊल टाकायला जागा नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत पोती होती. लाकडाच्या भुशाच्या जळाऊ गोळ्या, वर परदेशी अक्षरं. गावामागचं जंगल सलग दोन हिवाळे ट्रकांत भरभरून गेलं होतं, त्याचं काय झालं ते आता डोळ्यांपुढे रचलेलं होतं. आणि याच हिवाळ्यात उलिताबाई ओव्हरकोट घालून झोपत होत्या.

वेनेरांदाच्या डोक्यात तिडीक गेली. "काढा बाहेर! फेका!"

म्हाताऱ्यांनी पोती ओढली, बाहेरच्या वितळत्या बर्फाच्या चिखलात टाकली. उभं राहण्यापुरती जागा झाली तशी माणसं आत शिरली. मग दूरवर धप्प असा आवाज झाला. छतातून माती गळली. कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागलं आणि उलिताबाईंनी आपली वेगळी, आपल्या भाषेत सुरू केली. या वेळी स्तानिस्लाव्सने नुसती टोपी काढली.

तासाभराने मोबाईलवर आलं : धोका टळला. ते ड्रोन दलदलीत पडलं होतं. कुणाला काही झालं नव्हतं. घरी जाताना एकानेही एखादं पोतं उचलून नेलं नाही. एवढं जळण हातचं सोडलं, पुढे स्तानिस्लाव्सला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा पोलीस दोनात्स दारात हजर.

"काकू, कंपनीची तक्रार आलीय. दार तोडलं, माल भिजवला. इथे सही करा."

"म्हणजे कंपनीत माणसं आहेत तर! त्या दिवशी फोनवर कुणी नव्हतं."

"मी काय करू, काकू? नोकरी आहे माझी."

"सगळ्यांचीच नोकरी आहे रे बाबा. किल्ली मात्र एकाकडेही नाही." तिने सही केली नाही.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याहून एक बाई आल्या. वाचनालयात पडदा लावून त्यांनी गावकऱ्यांना निवाऱ्यांची चित्रं दाखवली. मग म्हणाल्या, "नकाशातली माहिती उपलब्ध नोंदींप्रमाणे योग्यच होती."

वेनेरांदा उभी राहिली. "शाळा विकलीत चार वर्षांपूर्वी. नकाशा छापलात या हिवाळ्यात. विकली कुणी? तुम्ही. छापला कुणी? तुम्ही. मग नोंदी काय कावळ्याकडे असतात?"

"बाई, जरा शांतपणे—"

"शांत होते म्हणून तर ही पाळी आली! पोरं नाहीत म्हणून शाळा बंद केलीत. शाळा नाही म्हणून पोरांची घरं उठली. मग माणसं नाहीत म्हणून डॉक्टर हलवलात, बस बंद केलीत. आता सरहद्दीला तारेचं कुंपण घालताय. घाला, मी नको म्हणत नाही. पण कुंपणाच्या आत राखायचं काय? पोती?"

बाईंचा चेहरा लाल झाला. दोन आठवड्यांत दुरुस्ती करू, असा शब्द त्यांनी दिला. शब्द पाळलाही. नवा नकाशा आला, त्यात पुर्विनीच्या शाळेवरची खूण पुसलेली होती. सर्वांत जवळचा निवारा आता शहरात, एकतीस किलोमीटरवर.

त्या संध्याकाळी एडमुंड्सचा फोन आला. "आई, पुरे झालं. इकडे निघून ये."

"आले की हे सरकारवाले म्हणतील, एक नाव कमी झालं, बरं झालं. नाही येत!" आणि पोराचा काही दोष नसताना तिने फोन आपटला.

मेमध्ये तिला कार्यालयात बोलावून समज दिली आणि दंड माफ केला. समज मिळाल्याच्या कागदावर सही करायची होती. "समज मला कसली देता? ज्याने दाराला कुलूप घातलं त्याला द्या," म्हणत ती उठून आली. तो कागद अजून तिथेच पडून आहे.

जूनमध्ये तिने आपल्या घरामागच्या टेकाडातलं बटाटे साठवायचं भुयार गावाला निवाऱ्याला पुरेल एवढं मोठं करायला घेतलं. स्तानिस्लाव्स खोदायचं यंत्र घेऊन आला. उलिताबाई खुर्ची टाकून बसल्या आणि रशियनमध्ये सूचना देऊ लागल्या. तो आपल्या बोलीत त्यांच्यावर ओरडायचा, आणि तरी त्या सांगतील तिथेच खणायचा. वेनेरांदा फावड्याने माती ओढत होती, दात आवळून.

चौथ्या दिवशी दोनात्सची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"काकू, याची परवानगी काढलीय का?"

फावडं मातीत रोवून ती त्याच्याकडे बघत राहिली. दोनात्सने काच वर केली आणि गाडी मागे घेतली.